आठ लाख शब्दांच्या खेळाला पुरवणीत जागा हवी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कादंबरीला पान मिळतं, नाटकाला अर्धं पान मिळतं, आणि एका शुक्रवारी येऊन पुढच्या शुक्रवारी जाणाऱ्या सिनेमालाही तारे मोजून मिळतात. व्हिडिओ गेम मात्र दोनच पानांवर भेटतो. आरोग्याच्या पानावर मुलांच्या डोळ्यांची नि मानेची काळजी म्हणून, नाहीतर अर्थपानावर कुणी कुणाची कंपनी विकत घेतली म्हणून. त्या गेममध्ये लिहिलेलं काय असतं, आणि ते बरं लिहिलेलं असतं की टाकाऊ, हे सांगणारा एकही रकाना नाही. एक जुना गेम मी नुकताच शेवटापर्यंत खेळलो. त्यावर कुणाशीतरी कडकडून वाद घालावा असं वाटलं आणि घालायला कुणी सापडेना, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावा, पण ‘खरं’ आणि ‘खोटं’ हा भाग तेवढा शाबूत ठेवा.

गेमचं नाव ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’. १९९९च्या डिसेंबरात आला. ब्लॅक आइल स्टुडिओजने तो घडवला, इंटरप्लेने प्रकाशित केला, मुख्य रचनाकार ख्रिस अ‍ॅव्हेलोन. १९९८मध्ये गाजलेला ‘बॉल्डर्स गेट’ ज्या तांत्रिक चौकटीवर उभा होता, त्याच चौकटीवर हाही उभा आहे: वरून तिरकं दिसणारं शहर, त्यात फिरणारी बोटभर माणसं, आणि खाली संवादाचा मजकूर. २०१७मध्ये बीमडॉगने सुधारित आवृत्ती काढली, मी खेळलो ती हीच. संहितेत सुमारे ८ लाख शब्द आहेत असं सांगितलं जातं. मला ते पटतं. खेळताना नजर चित्रावर कमी आणि खालच्या मजकुरावरच जास्त असते.

मी न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायचं, पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही. तो खरं बोलतोय की खोटं, हे ठरवणं आमचं काम नव्हतं. निवृत्तीनंतर भाचीनं हा गेम संगणकावर टाकून दिला. म्हणाली, “मामा, यात मारामारी कमी आणि वाचन जास्त आहे, तुम्हाला झेपेल.” मारामारी जी थोडी आहे तीही मला झेपली नाही, त्याबद्दल पुढे.

नायक शवागारात जागा होतो. अंगभर व्रण, नाव आठवत नाही, मागचं काहीच आठवत नाही. गेममध्येही त्याला नाव नाहीच, ‘नेमलेस वन’ म्हणतात. मी त्याला अनामिक म्हणतो. त्याच्या डोक्याशी मॉर्ट नावाची एक कवटी हवेत तरंगत असते, आणि तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. अनामिकाच्या पाठीवर गोंदलेला मजकूर हा मॉर्टच वाचून दाखवतो: जवळच्या सामानात डायरी आहे ती वाच, फॅरड नावाच्या माणसाला शोध, तू कोण ते कुणाला सांगू नकोस. डायरी अर्थातच गायब. हळूहळू उलगडतं की हा माणूस मरत नाही. म्हणजे मरतो, पण पुन्हा उठतो, आणि पुष्कळदा सगळं विसरून उठतो. याच शरीरात याच्या आधी कितीतरी ‘तो’ राहून गेले आहेत, कुणी सज्जन, कुणी वेडा, कुणी थंड डोक्याचा हिशेबी. पाठीवरची सूचना त्यांच्यापैकीच एकाची.

स्वतःच्या पाठीवरचा दस्तऐवज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं, एवढ्यावरच मी गेमला अर्धे गुण देऊन मोकळा झालो. असा माणूस पूर्णपणे वाचणाऱ्याच्या हातात असतो. मॉर्टनं त्यातली एक ओळ वाचलीच नव्हती, हे बरंच पुढे कळतं. कोणती, ते सांगून खेळणाऱ्यांचा विरस करत नाही.

त्याच शवागारात ई-व्हीन नावाची एक म्हातारी प्रेतं शिवण्याचं काम करते. तिला धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. तिथे चालती-फिरती मढी नोकर म्हणून राबत असतात. अनामिक त्यांच्यातलाच एक, अशा समजुतीनं ती त्याला दोरा आणि लेपाचं द्रव्य आणायला पिटाळते. आपण निमूटपणे आणून दिलं, की ती त्यालाच पुढ्यात घेते आणि त्याच्या अंगावरच्या जखमा शिवून, लेप लावून मोकळी होते. त्यानं पात्राची तग धरण्याची ताकद कायमची थोडी वाढते. पडद्यावर दोन छोट्या आकृत्या समोरासमोर उभ्या असतात, बाकी काही हलत नाही. सुई, टाका, तिची नखं, हे सगळं मजकुरात. मी तो प्रसंग अंग चोरून वाचला. मध्येच बोलून तिचा गैरसमज दूर करायची सोय होती, ती मी वापरली नाही, कारण ती इतकी मन लावून काम करत होती.

आता ‘खरं’ आणि ‘खोटं’. याच इमारतीत डिऑनारा नावाच्या तरुणीचं भूत भेटतं. तिचं अनामिकावर प्रेम होतं, त्याच्यामागून जाऊनच तिचा जीव गेला, आणि त्याला ती ओळखूसुद्धा येत नाही. तिच्याशी बोलताना त्याला वचन देता येतं की तुला सोडवायचा, नाहीतर तुझ्यापाशी यायचा मार्ग मी शोधीन. हे वाक्य उत्तरांच्या यादीत दोनदा छापलेलं आहे. शब्द जवळपास तेच. एकाच्या आधी ‘खरं’ लिहिलंय, दुसऱ्याच्या आधी ‘खोटं’. डिऑनाराला ऐकू येणार ते एकच. फरक पडतो तो आतल्या खात्यात, कारण पात्राची वृत्ती कुठे झुकते आहे हे गेम मुकाट्यानं मांडत असतो.

माझ्या वहीत ‘मला माहीत नाही’ या वाक्याला एकच खूण होती. पिंजऱ्यात थरथरत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं म्हटलं तरी तीच, आणि घोकून घेऊन आलेल्या बनेल माणसानं म्हटलं तरी तीच. टंकलिखित प्रतीत तर स्वरही उरायचा नाही. कादंबरीकार निदान सांगतो, की अमुक एक खोटं बोलला. नट चेहऱ्यानं सांगतो. इथे सांगणारं कुणी नाही. उलट मलाच विचारतात, की हे तुम्ही कोणत्या मनानं म्हणताय? मी त्या यादीसमोर बसून राहिलो. ‘खोटं’ निवडायला हात होईना. ‘खरं’ही निवडवेना, कारण वचन पाळता येईल याची खात्री काय? संगणकातल्या एका भुताला शब्द देताना एवढी घासाघीस मी स्वतःशी केली, हे भाचीला सांगितल्यावर ती हसली नाही. तिनं तिच्या वेळी ‘खोटं’ निवडलं होतं आणि अजून तिला ते सलतंय.

पुढे सिजिल शहरात, म्हणजे गेमचा मोठा भाग जिथे घडतो त्या कड्यासारख्या वर्तुळाकार शहरात, अनुभव गोळा करणाऱ्या लोकांचं एक सभागृह लागतं. त्यांच्याकडे अनुभव साठवलेले दगड असतात. दगडाला हात लावला की दुसऱ्याचं जगणं आपल्या आत उतरतं. त्यातला एक दगड डिऑनाराचा. हात लावताच आपण ती होतो: तिची वाट पाहणं, तो आल्यावरचा आनंद, त्याच्या प्रत्येक शब्दाला तिचं बिलगणं. आणि ऐन त्याच क्षणी अनामिकाची त्याच प्रसंगाची स्वतःची जुनी आठवण जागी होते. तो हिशेबी अवतार तिला जवळ घेताना कोणता शब्द किती वजनाचा टाकायचा हे मोजत असतो. आपल्यावरचं प्रेम तिच्या मरणानंतरही टिकावं, म्हणजे तिचं भूत आपल्या कामी येईल, असा त्याचा बेत. एका खोलीतली दोन माणसं, दोघांची जबानी एकदमच, आणि दोन्ही बाजूंना आपणच. कागदावर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी असे दोन रकाने पाडून हे लिहिता येईल, पण तसं वाचणं आणि हे भोगणं यांत फार अंतर आहे. शवागारात मी ज्या वचनापाशी अडखळलो होतो, तसलीच वचनं हा गृहस्थ सराईतपणे देऊन गेला होता, याच तोंडानं.

डिऑनाराचे वडील याच शहरात वकिली करतात, इयानिस त्यांचं नाव. मुलगी गेल्याचं दुःख घेऊन बसलेल्या त्या बापासमोर खुर्ची ओढायची, तिचे कागदपत्र मागायचे, आणि काय सांगायचं नि काय गाळायचं हे स्वतः ठरवायचं. गाळणं किती सोपं असतं!

विसरलेल्या गुन्ह्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कायद्याला नवा नाही. आठवत नाही म्हटल्यानं कुणी सुटत नाही. पण इथे प्रश्न नुसता विचारून सोडलेला नाही, खेळाच्या नियमांतच पेरलेला आहे. अर्ध्याअधिक खेळात मी मरणाची फिकीर केली नाही. मेलं तर मेलं, उठतोच आहे की. काही जागी तर मेल्याशिवाय पुढची वाटच उघडत नाही, आणि गेमही त्याबद्दल काही बोलत नाही. मग कळतं की अनामिक मेला की त्याच्या वाटचं मरण जगात दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला जातं, आणि तो मेलेला माणूस सावली होऊन याच्या मागावर फिरतो. वाटेत अंगावर येणाऱ्या सावल्या मी नेहमीचे शत्रू समजून कापून काढल्या होत्या. त्या फिर्यादी होत्या. इतर गेममध्ये ‘पुन्हा खेळा’ हे बटण ही खेळणाऱ्याची हक्काची सवलत असते. इथे त्या सवलतीचं बिल भलत्याच माणसाच्या नावे फाडलेलं निघतं. मरण ही खेळाची सोय आहे असं आपल्याला आधी अंगवळणी पाडून मग ही गोष्ट सांगायची, हे कथनाचं तंत्र दुसऱ्या कुठल्या माध्यमात कसं बसवणार, हे मला कळत नाही. म्हणूनच पुरवणीत जागा मागतो आहे.

सोबती प्रत्येकी एका पत्राचा विषय आहेत. डॅकॉन हा सर्वांत मितभाषी. जुन्या अवतारानं त्याला त्याच्या धर्मसंस्थापकाची शिकवण कोरलेली एक चकती दिली, ऐन श्रद्धा ढळलेली असताना, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली डॅकॉननं शपथ घेतली की तू मरेपर्यंत तुझी सेवा करीन. ज्यानं शपथ घेतली त्याला ठाऊक नव्हतं, पण ज्याच्यासाठी घेतली त्याला आपण मरत नाही हे पक्कं ठाऊक होतं. असा करार माझ्या उभ्या नोकरीत माझ्यासमोर आला नाही. त्या चकतीची कडी एकेक करून उघडायची, आतला मजकूर वाचायचा, मग डॅकॉन विचारतो, काय समजलं? उत्तर उथळ असलं तर पुन्हा वाचायला बसवतो. मारामारीच्या गेममध्ये मला कुणी धडा परत वाचायला लावील असं वाटलं नव्हतं. मजा अशी की शिकता शिकता शिष्याला कळू लागतं की गुरूचाच विश्वास डळमळीत आहे, आणि मग त्याला धीर देण्याची पाळी शिष्यावर येते.

दुसरा व्हेलर. कर्स्ट नावाच्या गावाखालच्या कैदखान्यात नुसतं एक चिलखत उभं असतं, आत माणूस नाही. न्यायासाठी आयुष्य वेचलेला हा शिपाई मेला आहे, पण निष्ठा इतकी कडक की मेल्याचं त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. दया हा शब्द त्याच्या संहितेत नाही. अनामिकाचे जुने गुन्हे त्याला उमगले की तो त्याच्यावरच उलटतो, आणि लढाई नको असेल तर त्याच्याशी युक्तिवाद करावा लागतो. मी केला. न्यायालयात इतकी वर्षं गप्प बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकले होते, त्याची सगळी कसर तिथे भरून काढली.

एक गंमत ओझरती सांगतो. कुणी नाव विचारलं तर अनामिकाला ‘अडान’ असं खोटं नाव ठोकून देता येतं. ही थाप पुरेशा लोकांना मारली, तर अडान नावाचा माणूस शहरात खरोखर अवतरतो आणि आपल्याला जुना दोस्त म्हणून भेटतो! पुष्कळांनी मानलं की ते अस्तित्वात येतं, हा त्या विश्वाचा नियमच आहे. खोट्या साक्षीतून उभा राहिलेला माणूस मी प्रत्यक्षात पाहिला नाही, पण जवळपास पोचलेले काही पाहिले.

दोष आहेत, आणि मोठे आहेत. लढाया निव्वळ गबाळ्या. कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, सोबती एकमेकांच्या पायात येतात, आणि मोठे मंत्र सुटले की त्यांचा देखावा संपेपर्यंत आपण हात बांधून बसायचं. सिजिल सोडल्यावर गोष्टीची घनता उतरते. तिथून पुढे बराच काळ शत्रू जास्त आणि वाक्यं कमी. लिहिणाऱ्यांचा वेळ संपत आला असावा असं वाटत राहतं. सोबतच्या दोन स्त्रियांपैकी फॉल-फ्रॉम-ग्रेसला लेखकानं बुद्धी, संयम, स्वतःची मतं दिली आहेत. अ‍ॅनाला जिभेची धार दिली आहे, पण चित्रकारानं तिला कपडे देताना हात आखडता घेतला आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या भिंतीवर लावायचं चित्र आणि प्रौढ माणसानं वाचायचा मजकूर एकाच पात्राच्या वाट्याला आले आहेत. समीक्षक असता तर त्यानं हेही लिहिलं असतं.

गोष्टीच्या मध्यावर रेव्हल नावाची चेटकीण काट्यांच्या भुलभुलैयात भेटते. अनामिकाला अमर करणारी हीच. ती विचारते, माणसाचा स्वभाव कशानं बदलू शकतो? उत्तरांची यादी लांबलचक आहे, आणि तिला बरोबर उत्तर नको असतं, तुमचं उत्तर हवं असतं. भाचीनं ‘प्रेम’ म्हटलं. मी ‘पश्चात्ताप’ म्हटलं आणि लगेच साशंक झालो, कारण शिक्षेच्या आदल्या दिवशीचा पश्चात्ताप मी पुष्कळ लिहून घेतला आहे. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. ती म्हणते, तुम्ही नोकरीच्या चष्म्यातून खेळलात. मग कोणाच्या चष्म्यातून खेळायचं?

कुणाला हात घालायचा असेल तर एक व्यवहाराची सूचना. सुरुवातीला पात्राला गुण वाटायचे असतात, तेव्हा ताकदीचा मोह टाळा. शहाणपण, बुद्धी आणि बोलण्याची छाप यांवर ते खर्च करा. हे आकडे कमी असले तर आठवणी जाग्या होत नाहीत आणि चांगली उत्तरं यादीत दिसतच नाहीत, आपल्याला काय सुचलं नाही याचा पत्ताही लागत नाही. आकडे चांगले असतील तर शेवटचा सामनासुद्धा शस्त्र न उचलता, नुसत्या बोलण्यानं जिंकता येतो. तो कुणाशी, ते लिहीत नाही.

तेव्हा संपादक महोदय, महिन्यातून एकदा तरी अर्धं पान द्या. तारे देऊ नका. ग्राफिक किती झकपक आणि संगणक किती ताकदीचा लागतो, ही माहिती जाहिरातीतही मिळते. कोण कुणाला काय म्हणतं आणि त्याचं पुढे काय होतं, ते लिहिणारा माणूस शोधा. तुमच्याकडे नाटकं पाहणारे जे लिहितात, त्यांच्यातल्या एखाद्याला बसवा, त्यांना संवादाचा कान आहे. अट एकच घाला, गेम संपवल्याशिवाय लिहायचं नाही. त्यांना आठ लाख शब्द जड वाटत असतील, तर मजकुराची धास्ती नसलेला एक निवृत्त माणूस हाताशी आहे, मानधनाचा आग्रह नाही. सध्या भाचीनं ‘डिस्को एलिसियम’ टाकून दिला आहे. २०१९चा आहे, त्यातही नायक सगळं विसरूनच जागा होतो, आणि त्यात लढाईची वेगळी भानगडच नाही असं ती सांगते. त्यावरचं पत्र आटोपशीर लिहीन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक